सुलभाचा शब्द

सुलभा पिंपळखुटे आमदार म्हणून निवडून आली, तेव्हा आमच्या शाळेतल्या शिपायानं मला काळजीनं विचारलं होतं, "मॅडम, मग आता फ्यूज कोण लावणार?"

प्रश्न बरोबर होता. शाळेतली वीज गेली की वायरमनच्या आधी सुलभाला हाक जायची. ती विज्ञानाचा तास अर्धा सोडून, खडूचे हात पदराला पुसत यायची, पर्समधून टेस्टर काढायची आणि स्टुलावर चढायची. खाली जमलेल्या मुलींना वरूनच शिकवायची, "पाहून घ्या पोट्ट्यांनो, ही एवढीशी तार जळाली म्हणून बाकी शाळा वाचली." मी त्याच शाळेत भूगोल शिकवत होते. माझ्या तासाला वीज गेली तर मी खिडक्या उघडत असे. सुलभाला ते पटायचं नाही. "अंधार झाला की तू खिडकी उघडते, मीने. मले राग येते."

तिचं घर पुरानी बस्तीत, देवळामागच्या अरुंद गल्लीत. भोसल्यांच्या काळापासून तिचे पूर्वज रायपुरात होते, म्हणून रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याहून आलेल्या आम्हा लोकांना ती "नवीन" म्हणायची. आमच्या चौबे कॉलोनीतल्या घराला चाळीस वर्षं झाली तरी आम्ही नवीनच. भाजीवाल्या बायांशी ती छत्तीसगढीत भांडायची, माझ्याशी मराठीत, आणि अधिकाऱ्यांशी अशा हिंदीत बोलायची की खुर्चीत पसरलेला माणूस आपोआप सरळ बसे. तिचा मुलगा मात्र तिच्या सगळ्या मराठीला हिंदीत उत्तरं द्यायचा. त्यावर ती म्हणायची, "समजते ना त्याले? मग झालं."

तिला कोणाच्या हातातलं काम बघवत नसे. आपण पालक निवडत असलो की जुडी ओढून घ्यायची. कोणी मूल रडत असलं की आईकडून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकायची. आणि "बघते" हा शब्द तिनं कधी वापरला नाही. नगरसेवक असतानापासून लोक तिच्याकडे नळ, नाली, रेशनकार्ड असलं काहीबाही घेऊन येत. त्यांना ती सांगे, "बघतो म्हणणारा माणूस नुसता पाहतच राहते. मी करते म्हणते. अन् होणार नसंल तर तोंडावर नाही म्हणते." खरंच म्हणायची. मी तिला कित्येकांना तोंडावर नाही म्हणताना पाहिलं आहे. लोक रागावून जात आणि पुढच्या वेळी तिलाच मत देत. पुरानी बस्तीत तिला सगळे दीदी म्हणत. तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

माझे यजमान दिलीप रेल्वेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जुन्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला एका लांबट खोलीत चार-पाच मशीन होती, तिथे आम्ही जायला लागलो. शेजारच्या खाटेवर गणेशराम असायचा. शहराच्या दक्षिणेकडच्या एका गावातला गवंडी, चाळिशीचा, हाडापेरानं मजबूत, पण आता चेहरा सुजलेला. तो पहाटे सायकलनं फाट्यावर यायचा आणि तिथून बसनं. दोघांनाही जवळजवळ सगळंच खायला बंदी, म्हणून दोघं चार तास खाण्याबद्दलच बोलायचे. गणेशराम दुलारीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातच्या फऱ्याचं वर्णन करायचा, तांदळाच्या पिठाच्या त्या वाफवलेल्या वळकट्या, वर तिळाची फोडणी, बाजूला टमाट्याची चटणी. दिलीप त्याला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, समजावून सांगायचे. "धनिया कितना?" "बहुत, भैया, बहुत." सिस्टर ओरडायची की तुम्ही दोघं बोलण्यानंच पोटॅशियम वाढवून घ्याल.

सुलभा आमदार झाल्यावर एका दुपारी दिलीपना बघायला आली. मे महिना होता. ती खाटेच्या कडेवर बसली, कारण खुर्चीत बसून आजाऱ्याला भेटणं तिला आवडत नसे. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, आणि मशीनही थांबली. जनरेटर एकदा खोकला आणि बंद पडला, डिझेल नव्हतं. जुन्या मशीनमधल्या बॅटऱ्या केव्हाच गेल्या होत्या. टेक्निशियन ओरडला, "हँडल! हाथ से घुमाओ, नहीं तो खून जम जाएगा!" प्रत्येक मशीनच्या कुशीला एक लहानसं हँडल असतं, ते मला त्या दिवशी कळलं. सिस्टर दिलीपच्या मशीनकडे धावली. टेक्निशियन पलीकडच्या बाईकडे. गणेशरामकडे जायला कोणी नव्हतं.

सुलभानं कोणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि हँडल फिरवायला लागली. नळीतून गणेशरामचं रक्त हळूहळू परत जात होतं आणि तो त्या नळीकडे डोळे फाडून बघत होता. "भैया, ट्यूब की तरफ नहीं, मेरी तरफ देखो," ती म्हणत होती. "नाव काय मुलीचं? कितवीत आहे? सांग मले." ती हिंदीतून मराठीत घसरत होती आणि तो छत्तीसगढीत उत्तरं देत होता. मुलगी नववीत, नाव रेवती, नर्स व्हायचं म्हणते.

वीज आली तेव्हा सुलभा बाहेर पायरीवर जाऊन बसली. ती मनगट चोळत होती. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "मीने, आपला कोळसा जळते, आपल्या नद्यांचं पाणी तापते, अन् वीज साऱ्या देशात जाते. अन् राजधानीतला हा माणूस माझ्या मनगटावर जगते. हे मी सोडणार नाही."

तिनं सोडलं नाही. पुढच्या अधिवेशनात ती त्यावर बोलली आणि सगळ्या सभागृहाला तिनं हँडल कसं फिरवायचं ते उभ्या उभ्या करून दाखवलं. त्या भाषणाचा तुकडा महिनाभर लोकांच्या मोबाइलवर फिरत होता. पण भाषण करून ती थांबली नाही. ऊर्जा खात्यात आणि आरोग्य खात्यात तिच्या खेपा सुरू झाल्या. सचिवांच्या बाहेरच्या बाकावर ती डबा घेऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चिवडा द्यायची, त्यामुळे तिला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगायला शिपायांनाच लाज वाटायला लागली. सरकारी निधी मंजूर झाला. दवाखान्याच्या छतावर सौर पॅनल आली, खाली बॅटऱ्यांची खोली झाली, मशीन नवी आली. उद्घाटनाला फीत कापायची कात्री तिनं गणेशरामच्या हातात दिली. मंत्री बाजूला उभे राहून हसत टाळ्या वाजवत होते. गणेशराम फीत कापताना रडला आणि नंतर दिलीपना म्हणाला, "साहब, मोर हाथ ह कांपत रिहिस." हात थरथरत होता म्हणे. त्या हातानं त्यानं आयुष्यभर भिंती सरळ बांधल्या होत्या.

पुढची काही वर्षं ती खोली आमचं दुसरं घर झाली. वीज गेली तर पंखे थांबत, मशीन चालत राहत. कोणीतरी खाटेवरून म्हणे, "दीदी की बिजली आ गई."

मग कुजबुज सुरू झाली. आधी सिस्टरनं सांगितलं, मग टेक्निशियननं. सरकार खर्च एका ठिकाणी आणणार. शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरमध्ये एका खासगी कंपनीला मोठं डायलिसिस केंद्र चालवायला देणार, सरकार तिला पैसे देणार, आणि शहरातली लहान केंद्रं बंद होणार. नवा रायपूर आम्हाला लांब. गणेशरामला तर अशक्य. सायकल, बस, मग दुसरी बस, मग रुंद मोकळ्या रस्त्यावरून उन्हात पायी. आणि डायलिसिस झाल्यावर माणसाला धड उभं राहवत नाही.

पेशंटांनी ठरवलं की अधिवेशनाच्या काळात दवाखान्याच्या दारात धरणं धरायचं. पुढाकार गणेशरामनं घेतला होता, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. तो गावातून लोक आणणार होता. दिलीपनी कापडी फलक रंगवून घेतले. पंडरीच्या बाजारातून मीच पांढरं कापड आणलं होतं.

धरण्याच्या आदल्या संध्याकाळी सुलभा आमच्या घरी आली. गाडी कोपऱ्यावरच सोडून, एकटी. स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि पोळ्या लाटायला लागली. दिलीप दारात खुर्ची घेऊन बसले.

"भाऊजी, उद्याचं थांबवा."

"काहून?"

"मी आतमध्ये लढून राहिली ना. मंत्र्याशी बोलणं झालं आहे. आपलं युनिट हलत नाही. पण बाहेर धरणं झालं, पेपरात फोटो आले, का ते हट्टाले पेटतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"लिहून दिलं आहे त्यांनी?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "मी सांगून राहिली ना. माझ्या शब्दावर थांबा. ती मशीन तिथून हललीच, तर मी राजीनामा देऊन तुमच्या शेजारी रस्त्यावर बसीन."

ती जेवली. जाताना दिलीपच्या पायांवरची सूज बोटानं दाबून बघितली आणि पाणी कमी प्या म्हणाली. ती गेल्यावर दिलीप मला म्हणाले, "तिले नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती." आम्ही दोघांनीही ते मानलं. का मानू नये? तिला आम्ही कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

दिलीपनी सगळ्यांना फोन केले. गणेशरामला त्यांनी तासभर समजावलं. तो तयार नव्हता. गावातले लोक ट्रॅक्टरनं यायला निघणार होते. शेवटी तो म्हणाला, "तुमन कहत हव, त ठीक हे, साहब." तुम्ही म्हणताय, तर ठीक आहे. दीदी म्हणतात म्हणून नाही, तुम्ही म्हणताय म्हणून. तेव्हा आम्हाला हा फरक जाणवला नाही.

अधिवेशनात आरोग्याच्या मागण्यांवर चर्चा होती, त्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत टेक्निशियननं आपला मोबाइल खिडकीच्या कठड्यावर उभा करून ठेवला होता. सगळ्या खाटांवरून दिसेल असा. सुलभा बोलायला उभी राहिली तेव्हा गणेशरामनं डोकं उचललं. ती छान बोलत होती, नेहमीसारखी. विजेवर बोलली, नव्या केंद्राच्या छतावर केवढी सौर ऊर्जा येणार ते सांगितलं. लहान लहान केंद्रांवर निधी विखुरण्यापेक्षा एक अद्ययावत केंद्र कसं चांगलं, ते सांगितलं. आम्हाला अजूनही वाटत होतं की आता ती "परंतु" म्हणेल. परंतु आलाच नाही. उलट विरोधी बाकावरून कोणीतरी ओरडलं की तुमच्याच भागातले पेशंट नाराज आहेत, तेव्हा ती वळून म्हणाली, "माझ्या भागातल्या रुग्णांचं आंदोलन ठरलं होतं, अध्यक्ष महोदय. त्यांनी ते स्वतः होऊन मागे घेतलं. त्यांना ही योजना समजली आहे, आणि त्यांचा पाठिंबा आहे." बाकं वाजली.

टेक्निशियननं मोबाइल उचलून खिशात टाकला. गणेशरामनं मान वळवून दिलीपकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं चुकीच्या घरात शिरल्यावर बघावं, तसं. त्या दिवशी दोघं खाण्याबद्दल काही बोलले नाहीत.

महिन्याभरात मशीन हलली. पॅनल छतावरच राहिली, कारण ती इमारतीची होती. खालच्या खोलीत आता दवाखान्याचे जुने पलंग रचून ठेवले आहेत, असं मध्ये सिस्टर भेटली तेव्हा सांगत होती. थोड्या दिवसांनी पेपरात आलं की सुलभा पिंपळखुटे यांची ऊर्जेच्या एका महामंडळावर अध्यक्ष म्हणून नेमणूक, मंत्रिपदाच्या दर्जाची.

नव्या केंद्रानं पेशंटांना आणायला गाडी ठेवली होती. काही आठवडे ती आली, मग कधी यायची, कधी नाही, मग फाट्यापर्यंतच यायची, मग बंद झाली. आम्ही टॅक्सी करून जायला लागलो, पेन्शन होती म्हणून. दिलीपनी गणेशरामला दोनदा आमच्या टॅक्सीत घेऊन जायची सोय केली. तिसऱ्या वेळी त्यानं फोन उचलला नाही. त्याला दिलीपचं घ्यायचं नव्हतं की उठवतच नव्हतं, ते आम्हाला कधी कळलं नाही. पावसाळा संपता संपता तो गेला. छातीत पाणी भरलं होतं.

त्यानंतर दिलीपनी सुलभाला भेटायचं ठरवलं. मी नको म्हणत होते. तिच्या नव्या बंगल्यावर आम्हाला थांबावं लागलं नाही. ती स्वतः दारापर्यंत आली, दिलीपचा दंड धरून आत घेऊन गेली, उशी आणून पाठीशी दिली.

"गणेशराम गेला," दिलीप म्हणाले.

"माहीत आहे. मी रडली त्या दिवशी. मीने, खरं सांगते, मी जेवली नाही."

"तू म्हणाली होती राजीनामा देईन."

"राजीनामा देऊन मशीन परत आली असती का भाऊजी? वरून ठरलं होतं. मी विरोधात उभी राहिली असती तर तिकीट कापलं असतं, अन् माझ्या जागी आलेल्या माणसाले डायलिसिस कशाशी खातात तेही माहीत नसतं. आज मी या खुर्चीत आहे, तर उद्या साऱ्या दवाखान्यांवर पॅनल लावू शकते. हे समजून घ्या."

"तुले कधी समजलं होतं? आमच्या घरी पोळ्या लाटल्या तेव्हा माहीत होतं?"

नोकरानं चहा आणून ठेवला. सुलभानं दिलीपच्या कपातला अर्धा चहा बशीत काढून घेतला, त्यांना कमी पाणी म्हणून. मग म्हणाली, "धरणं झालं असतं तर पोलिसांनी उचललं असतं तुम्हा आजारी माणसांना. मी तुम्हाले वाचवलं."

दिलीप उठले. आजारानं त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्या दिवशी तो सगळ्या खोलीत ऐकू गेला. "हरलो म्हणून सांगितलं असतं तर चाललं असतं, सुलभा. मी त्याले तसंच सांगितलं असतं. त्यानं त्याचं ठरवलं असतं. तू माझ्या तोंडून त्याच्याशी खोटं बोलली."

परत येताना टॅक्सीत मी मनातल्या मनात तिची बाजू मांडत होते, आणि ती पुरती मांडता येत नव्हती. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मला पहिल्यांदाच तिची कीव आली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

थंडीत आम्ही दुलारीला भेटायला तिच्या गावी गेलो. गणेशरामनं स्वतः बांधलेलं दोन खोल्यांचं घर, पुढे सारवलेलं अंगण. दुलारीनं खाट टाकली, पाणी दिलं. दिलीपनी नुसतेच हात जोडले आणि तसेच ठेवले. ती म्हणाली, "तुमन के का दोस, साहब." तुमचा काय दोष. असं म्हणून तिनं त्यांचे जोडलेले हात खाली केले.

मग तिनंच सांगितलं. दीदी येऊन गेली. गाडी तळ्यापलीकडे ठेवून चालत आली, एकटीच. खाटेवर बसली नाही, खाली दुलारीशेजारी बसून तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळी डाळीच्या, शेंगा सोलल्या. खूप रडली, एवढी की दुलारीलाच तिची समजूत काढावी लागली. रेवतीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश दीदीनंच मिळवून दिला होता, तिच्या वसतिगृहाचंही तीच बघत होती. आणि निघताना दीदी म्हणाली, निवडणूक आली आहे, लोक उलटसुलट बोलतात. कोणी मोबाइल घेऊन येईल, त्याच्यासमोर दोन शब्द बोल. सांग की केंद्राची गाडी दारापर्यंत येत होती, पण नवऱ्याचीच जायची इच्छा राहिली नव्हती, एवढंच.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

दुलारी अंगणातल्या कोंबड्या हुसकत होती. "हव कहि देंव," ती म्हणाली. हो म्हटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेटी की पढ़ाई है ना."

दिलीप खाटेवरून उठले आणि आम्ही निघालो.

निवडणुकीच्या आधी तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. आमच्या कॉलोनीच्या ग्रुपवरही आला. दिलीप झोपले होते, मी स्वयंपाकघरात जाऊन आवाज बारीक करून पाहिला. दुलारी त्याच अंगणात, त्याच खाटेवर बसलेली. नवं लुगडं. ती गाडीबद्दल बोलली, दीदीबद्दल बोलली, नवऱ्याबद्दल बोलताना मध्येच अडली. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर घसरला, तेव्हा चौकटीच्या कडेनं एक हात आत आला. त्या हातानं पदर नीट डोक्यावर ओढला, कानामागे अलगद खोचला, आणि तो मागे गेला. चेहरा दिसला नाही. सुलभाचा हात मी कुठेही ओळखेन.

दुलारीनं उरलेलं वाक्य पूर्ण केलं. मग तिनं त्या बाजूला मान वळवून पाहिलं, बरोबर सांगितलं ना, असं विचारत.